नाव घासलेली चिप

बेनेदिक्ताचा फोन आला तेव्हा मी अंगणातला आदल्या दिवशीचा रंगीत कागदांचा चुरा झाडत होते. कार्निव्हलचा मंगळवार उलटून बुधवार उजाडला होता. निम्मं पुनाता गाव अजून झोपेत होतं.

"डोन्या सातुका, कपाट पेटलंय," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे आग नाही. तापलंय. एकोणचाळीस पॉइंट सहा. मी वायर उपटली."

"दारं उघडलीस?"

"सताड उघडलीत."

"सदतीसवर आलं की बंद कर. त्याखाली गेलं तर वायर हाताने लाव, हाताने काढ. थर्मामीटरवरची नजर हलवू नकोस. मी निघाले."

"कधीपासून तापलंय तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "उठून बघते तर असं."

कपाट म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. अकरा वर्षांपूर्वी एका कोंबडीवाल्यासाठी मी ते बांधलं. लाकूड सुताराचं, पत्रा पत्रेवाल्याचा, पण मेंदू माझा. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर अठ्ठावीस पायांची एक चिप आणि चिपच्या पोटात मी लिहिलेला प्रोग्रॅम. ऊब किती, ओल किती, पंखा कधी, तासातासाला ट्रे कोणत्या अंगाला कलवायचे, सगळं ती चिप ठरवायची. लहान पेट्या मी पुष्कळ घरांत दिल्या, पण एवढं मोठं हे एकच. कोंबडीवाला थकला आणि गेल्या वर्षी ते बेनेदिक्ताने घेतलं. नऊ वर्षं ती स्पेनमध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, आणि तिचा स्वतःचा म्हातारा इथे एकटा होता. आधी तिने दोनदा थोडी थोडी अंडी लावून पाहिली. कपाट पूर्ण भरलं ते या खेपेला. चार हजार आठशे अंडी, बारावा दिवस. महिन्यापूर्वीच तिने मला सांगून ठेवलं होतं. ही खेप निघाली तर राहते, नाही तर मे महिन्यात पुन्हा विमान.

मी पोचले तेव्हा ती स्टुलावर बसली होती, हातात प्लग, डोळे काचेपलीकडच्या थर्मामीटरवर. तिचे वडील डॉन आनाक्लेतो दाराशी होते. गळ्यात कालच्या रंगीत फिती तशाच.

"या कोमाद्रे, बसा. घोटभर चिचा उरलीये."

"आत्ता नको."

मेंदूच्या डब्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आंबूस, गोडसर, मक्याचा वास आला. बोर्डावर बोट टेकवलं, ते चिकटलं.

"याला कोणी पाजलं?"

बेनेदिक्ताने वडिलांकडे पाहिलं. तिलाही ते आत्ताच कळत होतं.

"मी," डॉन आनाक्लेतो म्हणाले. "काल चाया होती ना. गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत, दर कार्निव्हलला कपाटाला पाजायचं, नाही तर धरणीमाय पाचामामा रुसते."

"चार कोपऱ्यांवर शिंपडा म्हणाले होते. बाहेरून."

"कोपऱ्यांना कसली तहान? राबतो हा." त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. "सगळ्यांनी प्यायचं आणि राबणाऱ्याने कोरडं राहायचं, असं असतं होय?"

"किती ओतलीत?"

"अर्धी तुतुमा भरून. त्यातली थोडी मीच प्यालो, त्याला एकट्याला पाजणं बरं वाटेना म्हणून."

बेनेदिक्ता हसली नाही. मलाही हसू आलं नाही. चायाच्या दिवशी आमच्याकडे गाडीला, घराला, शिवणयंत्राला पाजतात, बँकेतल्या बायकासुद्धा आपापल्या टेबलांना पाजतात. बोर्डाचं झाकण उघडून आतच ओतणारा माणूस मात्र मी पहिलाच पाहत होते. आणि त्याला तो धडा देणारी मीच.

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड धुतला, फुंकून वाळवला, जोडला. आकडे उमटले. पंखा फिरला. ट्रे कलले. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. तापवायची कांडी ज्या पायावरून चालू-बंद व्हायची तो पाय जळून कायमचा चालू राहिला होता. बाकीचे सत्तावीस ठीक.

"म्हणजे चिप बदलायची," बेनेदिक्ता म्हणाली. "नाहीये का?"

"आहे. हत्यारांच्या पेटीत तीन कोऱ्या आहेत."

"मग?"

मी मान खाली घालून वायरी सोडवू लागले.

कोचाबांबाच्या कांचा बाजारात, जिथे मी तीस वर्षं दुकान चालवलं, तिथे सकाळी नवा बोर्ड विकला की संध्याकाळी शेजाऱ्याकडे तसाच दिसतो. म्हणून आम्ही सगळेच एक करायचो. बोर्ड तयार झाला की चिपच्या पाठीवरचं नाव पॉलिश पेपरने घासून काढायचो, कोणती आहे ते कोणाला कळू नये म्हणून. मी त्यापुढे जाऊन कुलूपही लावायची. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला एक डबी असते, तिला आमच्याकडे जाळणारी म्हणतात, जरी ती काही जाळत नाही. भरताना तिला सांगितलं की चिपला कुलूप पडतं. मग कोणी आतलं वाचायला गेलं तर नुसती शून्यं दिसतात. कुलूप काढता येतं, पण काढलं की आतला प्रोग्रॅमही पुसला जातो.

प्रोग्रॅमची माझी प्रत ज्या कॉम्प्युटरमध्ये होती त्याची डिस्क दोन वर्षांपूर्वी मेली. तेव्हा मी हळहळलेसुद्धा नाही. चिपा चालताहेत ना, मग झालं, असं म्हणाले.

तरीही जाळणारीच्या पाच तारा चिपला लावल्या आणि लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम वाचला की पडद्यावर ओळीच्या ओळी येतात, दहा आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं. ती सहा मला आधी येत होती, उरलेली अक्षरं मी एक्कावन्नाव्या वर्षी रात्रीच्या शाळेत शिकले. त्या दिवशी ओळी आल्या. शून्य, शून्य, शून्य. खालपर्यंत तेच. प्रोग्रॅम आत शाबूत होता, मघाशी त्यानेच ट्रे कलवले होते. ज्या बाईने लिहिला तिला मात्र तो ओळख दाखवत नव्हता.

"पुन्हा लिहा ना," बेनेदिक्ता म्हणाली.

"लिहीन. तेव्हा आठ महिने लागले होते."

"आपल्याकडे नऊ दिवस आहेत."

"माहितीये, पोरी."

एक अंडं तिने दिव्यासमोर धरलं. लाल शिरांचं जाळं दिसलं, मधला काळा ठिपका हलला. दुसरं धरलं, हललं. तिसरं नाही. वेगवेगळ्या ट्रेमधून वीस अंडी काढून पाहिली. सोळा हलली.

"जिवंत आहेत," ती म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर जाऊन प्लग हातात घेतला. मला वाटलं होतं ती रडेल. त्यापेक्षा हे जड गेलं.

मी पंखा थेट विजेवर जोडून दिला. तापवायच्या कांडीला वेगळा प्लग लावला. ट्रे कलवायचा दांडा कसा ओढायचा ते डॉन आनाक्लेतोंना दाखवलं. मग बोर्ड आगुआयोच्या रंगीत कापडात गुंडाळला.

"कुठे?" बेनेदिक्ताने विचारलं.

"कांचात. लिंबरकडे."

तिने नजर काढायची नाही हे विसरून माझ्याकडे पाहिलं. "लिंबर ओरेयाना? ज्याला तुम्ही..."

"तोच. थर्मामीटर बघ."

लिंबर सात वर्षं माझ्या दुकानात होता. शेवटच्या वर्षी त्याने स्वतःची पेटी बनवून विकली आणि ती हुबेहूब माझ्या पेटीसारखी वागत होती. मी गल्लीत उभी राहून त्याला चोर म्हणाले. सोल्डरिंगची कांडी हातात होती, गरम. नंतरही ते मी चाळीसेक दुकानांत सांगितलं असेल, ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही.

आता त्रुफीच्या शेअर गाडीत बसून मी उर्कुपिन्याच्या माउलीला विनवत होते की तो खरंच चोर असू दे. कुलूप फोडणारी माणसं असतात, त्यांची यंत्रं असतात. त्याने तेव्हा फोडलं असेल तर प्रत असेल. प्रत असली की अर्ध्या तासाचं काम.

कार्निव्हलचे दिवस म्हणजे पाण्याचे दिवस. बोर्ड मी पोयेरा घागऱ्याच्या घेराखाली मांड्यांमध्ये दाबून धरला होता. क्लिसाच्या फाट्यावर उघड्या खिडकीतून अर्धी बादली पाणी आत आलं. शेजारचा माणूस ओला झाला, मी ओली झाले, मागची बाई फेकणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरत राहिली. मी पोयेरा चाचपला. बोर्ड कोरडा होता.

फोन कानालाच होता.

"सदतीस सात," बेनेदिक्ता सांगत होती.

"थांब."

"सदतीस पाच."

"लाव."

"लावली." मग काही वेळ नुसता पंख्याचा आवाज. "अडतीस."

"काढ."

"काढलीये हो. तुमच्या आधी काढली."

"कलवलेत का ट्रे?"

"बाबा ओढताहेत दांडा. गाणं म्हणताहेत."

असं पुनातापासून शहरापर्यंत. माझे पाय सारखे हलत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, "सेन्योरा, घाई लागलीये का? ड्रायव्हरला थांबायला सांगू?"

"चालवायला सांगा," मी म्हणाले.

लिंबरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. सगळ्या यंत्रांना रंगीत फिती बांधलेल्या, जमिनीवर फुलांच्या पाकळ्या आणि मध्ये लिंबर, पुचेरोची थाळी मांडीवर घेऊन. मी शेवटचं जवळून पाहिलं तेव्हा तो काडीसारखा होता. आता पोट सुटलं होतं.

"माएस्त्रा," तो म्हणाला. उठला नाही. "वाट चुकलात?"

"नाही."

"मग कोण मेलं?"

"अजून कोणी नाही." मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अंडी, बारावा दिवस, चिचा, जळलेला पाय, शून्यं. म्हाताऱ्याने तुतुमा ओतली इथे तो हसला, पण बेनेदिक्ता परत जाईल म्हणाले तेव्हा त्याने थाळी बाजूला ठेवली.

"लिंबर, माझं कुलूप तू फोडलं होतंस. मला माहितीये."

"तुम्हाला माहितीये, अख्ख्या कांचाला माहितीये. कोपऱ्यावरची टोमॅटोवाली मी आलो की अजून टोपली जवळ ओढते."

"त्याची प्रत असेल ना तुझ्याकडे?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ओला पोयेरा, ओल्या वेण्या, पोटाशी धरलेलं गाठोडं.

"म्हणजे आज मी चोर असलो तर चालेल?"

"चालेल."

"आणि नसलो तर?"

मी गाठोडं पोटाशी आणखी आवळलं.

"नाही फोडलं," तो म्हणाला. "तेव्हाही हेच सांगत होतो. तुम्ही ओरडत होतात, ऐकू गेलं नसेल."

"तुझ्या पेटीत ट्रे कलायच्या आधी पंखा थांबायचा. तो थांबा माझा होता."

"तो कोंबडीचा आहे, माएस्त्रा. कोंबडी आधी उठते, अंग झटकते, अंड्यांना जरा गार होऊ देते आणि मग चोचीने फिरवते. मी एकवीस दिवस आईच्या कोंबडीखाली थर्मामीटर घालून बसलो होतो. हे बघा." त्याने मनगट पुढे केलं. बारीक पांढरे व्रण होते. "तुम्ही कुठून घेतला थांबा?"

"कोंबडीकडूनच."

"मग तिच्यावर करा केस."

मी तिथल्या खोक्यावर बसले. पाय आता हलत नव्हते आणि तेच वाईट वाटत होतं. प्रत नव्हती. अकरा वर्षं मी जे सांगत फिरले ते खोटं होतं आणि आज मला ते खरं हवं होतं. फोन वाजला.

"अडतीस नऊ," बेनेदिक्ता म्हणाली. "मी परसात गेले होते, दोन मिनिटं, बाबांना प्लग दिला तर त्यांना डुलकी लागली. आता उतरतंय. डोन्या सातुका, नऊ दिवस हे होणार नाही."

फोनचा आवाज मोठा होता. लिंबरने ऐकलं.

"बोर्ड आणलाय?" त्याने विचारलं.

मी गाठोडं सोडलं. त्याने चिपच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला. "किती वेळ घासायचात हो एकेक."

"पाव तास."

त्याने आपल्या जाळणारीच्या तारा लावल्या, एक बटण दाबलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. वर चिपचं पूर्ण नाव आलं होतं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

"कुलूप असलं तरी विचारलं की नाव सांगते. पॉलिश पेपर नुसता पाठीला लागतो."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या जुन्या डबीला नाव आधी आपणच सांगावं लागायचं, पण नव्या डब्या विचारून घेतात हे मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

"माझा प्रोग्रॅम आहे," तो म्हणाला. "लहान पेट्यांचा. तुमच्या कपाटाला बसवावा लागेल. कुठला पाय काय करतो ते शोधायला मला तिथे यावं लागेल. एक अट. कुलूप लावायचं नाही. या कपाटाला नाही, यापुढे कशालाच नाही."

"नाही लावणार."

"अंड्यांसाठी हो म्हणताय."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत खुपसला. "निदान खरं बोलता."

पुनाताला परतेपर्यंत दुपार कलली होती. बेनेदिक्ता त्याच स्टुलावर होती. मांडीवर अर्धी भाकरी, न चावलेली. लिंबरने तिला नमस्कार केला आणि थेट जमिनीवर बसला. मी मीटरची एक टोकदार सुई चिपच्या बैठकीतल्या एकेका पायाला लावायची, दुसरी तारेच्या टोकाला, आणि पी वाजलं की ओरडायची.

"एकवीस, पंखा."

"एकवीस? पंख्याला कोणी एकवीस देतं?"

"तेव्हा तोच जवळ होता."

"पुढे."

"बावीस, ट्रे डावीकडे. तीन, ट्रे उजवीकडे."

"बावीस आणि तीन. नवऱ्याला स्पेनमध्ये ठेवा आणि बायकोला..."

"लिंबर."

"बरं, बरं. पुढे."

डॉन आनाक्लेतो दांड्यापाशी होते. "कोमाद्रे, हा तोच का चोर?" त्यांनी मोठ्याने विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आपला आवाजही त्यांना कळत नाही.

"नाही," मी म्हणाले. "तो चोर नाही."

"काय?"

"चोर नाही म्हणते," लिंबरने मान वर न करता ओरडून सांगितलं.

दोन तासांनी नवी चिप बसली. आकडे आले, सदतीस पॉइंट चार. पंखा फिरला, ओल मारणारा फवारा सुटला, ट्रे कलले. बेनेदिक्ता पहिल्यांदा स्टुलावरून उठली. मग कांडी चालू-बंद करणाऱ्या रिलेचा खटका ऐकू आला, आणि मला तो खटका आवडला नाही. असा आवाज कांडी सुटताना येतो, लागताना नाही. ऊब तर कमी होती. आकडा उतरू लागला. सदतीस तीन. सदतीस एक.

"गार पडतंय," मी म्हणाले.

"चढेल. वेळ लागतो."

"लिंबर, माझा कांडीचा रिले उलटा आहे. शून्य दिलं की लागतो. तू एक दिलास."

"शून्यावर लावणारा माणूस असतो का?"

"मी असते. म्हणजे आत्ता गार आहे तर कांडी बंद, आणि उद्या उन्हाने कपाट गरम झालं की कांडी चालू. काढ ती चिप."

त्याने काढली. एक ओळ उलटी केली, पुन्हा भरली, पुन्हा बसवली. तेवढ्या वेळात छत्तीस आठ झालं होतं. या वेळी खटका भरीव आला. सदतीस, सदतीस तीन, सदतीस सहा, आणि पुन्हा खटका, बारीक, कांडी सुटल्याचा. आम्ही चौघांनी उभं राहून ते दहा-बारा वेळा ऐकलं. बेनेदिक्ता तरी प्लगाकडे हात नेत होती.

शेवटच्या त्रुफीने लिंबर गेला. जाण्यापूर्वी झाकणाच्या आतल्या बाजूला जाड पेनाने चिपचं नाव लिहिलं आणि प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपमध्ये आणि बेनेदिक्ताच्या फोनमध्ये टाकून दिला. त्याच्या सगळ्या पेट्यांत तसंच असतं, हे मला तेव्हा कळलं.

मला घरी बसवेना. रोज दोन वेळा कपाटाकडे जायची, काचेला नाक लावायची, यायची. शनिवारी कांचात गेले. टोमॅटोवालीला म्हटलं, "तो लिंबर ओरेयाना, तो चोर नाही. मी चुकीचं सांगितलं होतं."

"मला माहितीये," ती म्हणाली.

"मग टोपली का ओढतेस?"

"तो टोमॅटो दाबून बघतो."

तिथून मी सर्किटवाल्यांच्या गल्लीत गेले आणि एकेका दुकानात तेच वाक्य म्हणत निघाले. काहींना मी कोण तेही आठवत नव्हतं. काहींनी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले. खोटं सांगताना लोक थांबून ऐकायचे.

मंगळवार, अठरावा दिवस. मला सोमवारपासून झोप नव्हती. लिंबरचा प्रोग्रॅम शेवटपर्यंत एकच ऊब ठेवायचा, सदतीस सहा. माझा तसा नव्हता. आमच्या उंचीवर हवा कोरडी, अंड्यातलं पाणी लवकर उडतं, आणि शेवटी पिलू आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं. हे मी चार हंगाम मेलेली अंडी फोडून शिकले होते. अठराव्या दिवशी ऊब किती उतरवायची आणि ओल किती चढवायची ते दोन आकडे मी कोणाला सांगितले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

मी लॅपटॉप घेऊन गेले. प्रोग्रॅम उघडा होता, प्रत्येक ओळीशेजारी लिंबरने साध्या भाषेत काय चाललंय ते लिहिलेलं. अक्षरावर बोट ठेवत ठेवत मी उबेची ओळ शोधली.

"काय करताय?" बेनेदिक्ता म्हणाली.

"बदलते."

"चालतंय ना नीट. लिंबरला विचारलं?"

"तो नको म्हणेल."

"का?"

"त्याला यातलं माहीत नाही म्हणून."

"मग सांगा त्याला."

"आधी निघू देत." सवय इतक्यात जात नाही.

ती कपाट आणि माझ्यामध्ये उभी राहिली. "डोन्या सातुका, जे चालतंय ते तुम्ही बंद करणार, चिप काढणार, पुन्हा घालणार. एक ओळ चुकली तर?"

"तर मरतील."

"आणि नाही बदललं तर?"

"निम्मी मरतील. चोच बाहेर काढून मरतील. तू बघत बसशील."

तिने काचेकडे पाहिलं. मग बाजूला झाली. मी दोन आकडे लिहिले, तीनदा वाचले, भरले. कपाट मिनिटभर आंधळं होतं. मग आकडे आले आणि हळूहळू उतरून सदतीसवर थांबले. काचेवर आतून वाफ धरली.

पुढचे तीन दिवस मी तिथून हलले नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी दुपारी डॉन आनाक्लेतो एका ट्रेवर तळहात ठेवून उभे होते. ऐकू येत नाही, म्हणून ते हाताने बघतात.

"टोचताहेत," ते म्हणाले.

मी कान लावला. आधी काहीच नाही. मग कुठेतरी आत, नखाने पाटी खरवडावी तसं. मग शेजारी. मग मागच्या रांगेत.

शुक्रवारी दिवसभर बेनेदिक्ता पिलं काढत होती आणि मोजत होती. ओली, चिकट, रागावलेली पिलं. शंभराच्या खोक्यांवर खोकी लागली. जी निघाली नाहीत त्यांतली काही मी फोडली. बहुतेक बाराव्या दिवसाचीच होती, इवलीशी, त्या तापलेल्या सकाळी गेलेली. चोच बाहेर काढून मेलेली फक्त अकरा.

तिन्हीसांजेला ती माझ्या शेजारी येऊन बसली. केसांत पिवळा कापूस अडकला होता.

"तीन हजार चारशे बारा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मेमध्ये इथे थंडी पडते. तेव्हा पिलांना किती दिवस दिवा लावावा लागेल?"

"तीन आठवडे तरी."

"मग आधी शेडचं छप्पर करून घ्यायला हवं," ती म्हणाली आणि वडिलांना जेवायला हाक मारायला गेली.

मी लिंबरला फोन लावला.

"किती?" त्याने नमस्कारही केला नाही.

मी आकडा सांगितला.

"माझ्या पेट्यांत, न तापलेल्या अंड्यांत, इतकी निघत नाहीत," तो म्हणाला. "चोच बाहेर काढून किती मेली?"

"अकरा."

"अकराशे?"

"अकरा."

"काय केलंत, माएस्त्रा?"

"अठराव्या दिवशी तुझी एक ओळ बदलली. दोन आकडे आहेत. आणि ओल एकदम चढवायची नाही, त्याची एक पद्धत आहे."

"थांबा," तो म्हणाला. "थांबा, पेन कुठंय बघतो."

ड्रॉवर ओढल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मी आकडे तोंडात धरून थांबले.